‘येतो’ न म्हणणारी सिस्टर

ड्यूटी संपली की प्रणाली सिस्टर माझ्या खिडकीपाशी यायची, हजेरीवर सही ठोकायची आणि म्हणायची, "जातो, काकाजी." आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दलही ‘जातो’, ‘करतो’ असंच बोलतात, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते निघताना ‘जातो’ म्हणण्याचं. माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो, आणि दवाखान्यात तर हमखास म्हणतो. तिथं ‘जातो’ हा शब्द कानावर पडला की खाटेवरचा पेशंटसुद्धा डोळे उघडून बघतो. फरशी पुसणारी बेबीबाई हातातलं फडकं तसंच धरून तिला टोकायची, "येतो म्हन व, येतो." प्रणाली चपलेत पाय सरकवत रोज तेच उत्तर द्यायची, "येतो म्हटलं का याच लागते ना, बाई."

गोंदियात बाजाराच्या मागच्या रस्त्यावर आमचा खासगी दवाखाना आहे. खाली ओपीडी, वर वॉर्ड आणि चार खाटांचं आयसीयू. औषधांच्या खिडकीत मी बसतो. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा चार महिन्यांसाठी म्हणून बसलो होतो, तो मुलगा आता स्वतःच्या पोराला शाळेत सोडतो. या खिडकीतून मी कितीतरी सिस्टर येताना आणि जाताना पाहिल्या. लग्न ठरलं की जायच्या, नवऱ्याची बदली झाली की जायच्या. आल्या दिवसापासून जायला निघालेली मात्र ही एकच.

अंगानं बारीक, चालणं झपाझप, बोलताना डोळे दाराकडे. मी तिला बसून जेवताना कधी पाहिलं नाही. डबा हातात घेऊन ती ओपीडीच्या बोळात येरझारा घालत जेवायची. भाताचे घास, मध्येच भाजी, मध्येच एखाद्या म्हातारीला एक्स-रेची खोली दाखवणं. "अवो, दोन घटका बस ना," असं मी म्हटलं की म्हणायची, "बसलो का बसलोच, काकाजी. तुमालेच पाहून रायलो ना मी." मला हसू यायचं. सुरुवातीला यायचं.

ती अर्जुनी-मोरगावकडची, पिढ्यान्पिढ्या गावोगावी तलाव बांधत आलेल्या घरातली. घरी धानाची शेती. या घरातली पहिलीच मुलगी नर्सिंग शिकली, परीक्षा पास झाली, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळवलं. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावून सांगितलं होतं की ती नुसती सिस्टर नाही, रजिस्टर्ड नर्स आहे. आमच्याकडे गुलाबी कोट घातला की कोणीही सिस्टर. दहावी नापास झालेल्या मुलीही सिस्टर, आणि पेशंटांच्या लेखी बेबीबाईसुद्धा सिस्टर. प्रणालीनं त्या मुलींशी कधी तोरा केला नाही. पण चिडली की विचारायची, "मंग मी तीन वर्षं कायले घासली?"

तिला वर जायचं होतं. एवढं एकच तिला पाहिजे होतं, आणि तेही शब्दशः, एक जिना चढून. आयसीयूत काम शिकायचं, तिथला अनुभव घ्यायचा आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात लागायचं. तिथं आयसीयूच्या अनुभवाशिवाय अर्जाला कोणी हात लावत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण आमचं आयसीयू प्रमोद सांभाळायचा. प्रमोद कुठं शिकलेला नव्हता. दवाखाना ज्यांचा त्या डॉक्टरसाहेबांच्या पहिल्या दिवसापासूनचा माणूस, आणि साहेबांचा त्याच्याशिवाय कोणावर भरवसा नाही. प्रणालीला त्यांनी ओपीडीच्या दारात उभं केलं, पेशंटांचे नंबर पुकारायला. ती वर जाण्याचं बोलली की साहेब गोड हसून म्हणायचे, "बेटा, तू बोलती अच्छा है. नीचे तेरे जैसा कौन है?"

आणि मग ते तिला बढती द्यायचे.

यातली गंमत बाहेरच्या माणसाला कळायची नाही. आमच्या साहेबांकडे काम बदलून द्यायची पद्धत नव्हती, नाव बदलून द्यायची होती. ती आली तेव्हा स्टाफ होती. काही महिन्यांनी ती पहिल्यांदा भांडली आणि सीनियर स्टाफ झाली. नंबर तेच, दार तेच. ती जितके पाय आपटायची तितकं तिचं पद वाढायचं. एकदा मी तिला म्हटलं, की तू अशीच भांडत राहिलीस तर साहेब तुला दवाखाना लिहून देतील. ती हसली नाही.

मग दवाखान्याच्या सरकारी तपासणीचा दिवस आला. त्या दिवशी सकाळीच साहेबांनी तिला वर बोलावलं, पांढरा कोट घालायला दिला आणि आयसीयूतल्या पहिल्या खाटेशी उभं केलं. आयसीयूत शिकलेली नर्स असावी असा नियम, म्हणून प्रमोदला सुट्टी दिली. माझ्या खिडकीसमोरून ती जिना चढून गेली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. हे दिखाव्यासाठी आहे हे तिला कळत होतं, तरी तिला आनंद झाला होता, आणि तेच मला बघवेना. तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, सिस्टर, आयसीयूत केव्हापासून आहात? आमचे डॉक्टर तोंड उघडणार तोच ही म्हणाली, "आजच आलो, सर. उद्या खाली जातो."

 आमचे साहेब मोठ्यानं हसले, "बहुत मज़ाक करती है," म्हणाले, आणि पाहुणेही हसले. चहा आला, समोसे आले, कागदावर सह्या झाल्या. प्रणाली दणादणा जिना उतरून माझ्यापाशी आली. तिला रागावले असते तर चाललं असतं, हसले याचा तिला संताप होता. "खरं बोललो तं हसते, काकाजी. आता काय बोलू?" दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला इनचार्ज केलं.

इनचार्जचं पत्र घेऊन ती नागपूरला मुलाखतीला गेली. संध्याकाळच्या गाडीनं परतली, घरी न जाता सरळ दवाखान्यात आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिथं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पत्र वाचून विचारलं होतं, तुमच्या हाताखाली व्हेंटिलेटरवरचे किती पेशंट असतात? हिनं सांगून टाकलं, एकही नाही, मी नंबर पुकारतो. आधी अनुभव घ्या, मग या, असं ऐकून ती परत आली होती. "पोहता येत नाही म्हनून पान्यात उतरू देत नाही," ती म्हणाली, "अन् काठावर बसून पोहनं कोन शिकवते, काकाजी?" तिचं सगळं तलावावरून सुरू होई. पण त्या दिवशी मी चेष्टा केली नाही.

तिनं राजीनामा लिहिला. साहेबांनी तो हसत हसत टेबलाच्या काचेखाली सारला आणि तिला मेट्रन केलं. या वेळी तर बिल्लाही करून आणला होता, पितळी, चकचकीत, इंग्रजी अक्षरांचा. सगळ्यांसमोर तो तिच्या हातात दिला, टाळ्या झाल्या. तिनं बिल्ला उलटसुलट करून पाहिला, बादलीशी उभ्या असलेल्या बेबीबाईकडे गेली आणि तिच्या पदराला तो टोचून दिला. "घे बाई, तू मेट्रन. तुले सारा दवाखाना माहीत हाये." बेबीबाईला काही कळलं नाही, पण ती खूश झाली. दुपारभर मेट्रनचा बिल्ला लावून तिनं संडास धुतले. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले नाहीत.

पण बिल्ल्याची बातमी तिच्या गावी पोचली होती. एक दिवस तिचे वडील माझ्या खिडकीशी आले. खांद्यावर दुपट्टा, हातात नव्या तांदळाची पिशवी, माझ्यासाठी. मुलगी नागपूरच्या त्याच दवाखान्यात जायला निघाली होती, शिकाऊ म्हणून. तिथल्या बाईंना तिनं पुन्हा पुन्हा फोन करून विचारलं होतं, अनुभव नाही तर शिकाऊ घ्या, अगदी खालून घ्या, पण आयसीयूत घ्या. त्यांनी घेतलं. वडिलांना हे पचत नव्हतं. "पाहुने येऊन राहिले, भाऊ, पोरगी मेट्रन हाये म्हनून. आता त्यायले काय सांगू, शिकाऊ झाली म्हनून? लोक वर जाते, हे काऊन खाली जाऊन राहिली? तुमी समजवा. तुमचं आयकते."

मी समजवायला गेलो. मनापासून गेलो, कारण मलाही ते पटत नव्हतं. म्हटलं, इथं मान आहे, ओळख आहे, घर जवळ आहे. तिथं तुझ्याहून लहान पोरी तुझ्या वर असतील. बेडपॅनपासून सुरुवात करावी लागेल. ती डब्यातला भात खात येरझारा घालत होती, ती थांबली. "आमच्या घरचे लोक पानी अडवनारे, काकाजी. तलाव भरला का खूश होते. पन मी काही पानी नाही होय." आणि मग घास गिळून तिनं मला विचारलं, "तुमी इथं कायले बसून रायले?"

मला राग आला. त्यानंतर कित्येक दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. पेशंटांना औषधं देताना चिठ्ठीवरची अक्षरं दिसायची नाहीत, तिचा प्रश्न दिसायचा. घर होतं, मुलगा होता, आईचं दुखणं होतं, सांगायला शंभर कारणं होती, आणि ती सगळी खरीही होती. पण तिच्या त्या प्रश्नापुढे एकही टिकेना. स्टुलावर बसलं की पाठ दुखायला लागली. उगाचच उठून मी दारापर्यंत जाऊ लागलो आणि परत येऊ लागलो.

ती निघाली त्या सकाळी पाठीवर बॅग घेऊन दवाखान्यात आली. साहेबांच्या पाया पडली, तेही सावरून आशीर्वाद देते झाले. वर जाऊन प्रमोदला भेटली. बेबीबाईच्या गळ्यात पडून रडली, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं. मग माझ्या खिडकीशी आली. सही करायची नव्हती, तरी सवयीनं तिचा हात हजेरीकडे गेला आणि मागे आला. तिचा चेहरा उतरला होता. रोज ज्या दारातून ती धावत सुटायची त्या दाराकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. खाली मान घालून ती हळूच म्हणाली, "येतो, काकाजी."

 इतके दिवस जो शब्द तिच्या तोंडून निघावा म्हणून बेबीबाई रोज तिला टोकत होती, तो ऐकून मला भीतीच वाटली, ही खरंच परत आली तर? मी स्टुलावरून उठलो, खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

"येतो नको म्हणू, पोरी," मी म्हटलं. "जातो म्हण."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओल्या डोळ्यांनी हसली, बॅग खांद्यावर सारखी केली. "जातो," म्हणाली, आणि वळली.

मागून फरशी पुसता पुसता बेबीबाई सवयीनं बोलली, "येतो म्हन व."

पण तोवर ती रस्त्याला लागली होती.