बिदियाच्या टेकडीवर नवाचा ताळा

खरं सांगायचं तर या वेळी मी डोंगर, समुद्र असलं काही बघायला निघालो नव्हतो. माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते बघायला निघालो होतो. दरवर्षी मंडळाच्या अंकात माझी सहल वाचणाऱ्यांनी सुरुवातीलाच समजून घ्यावं, यंदा गंमत कमी आहे.

मी दुबईत एका एसीच्या कंपनीत एस्टिमेटर आहे. इमारतीचा नकाशा बघायचा आणि हवेच्या डक्टला किती पत्रा लागेल ते सांगायचं, हे माझं काम. लोक कॉम्प्युटर उघडेपर्यंत माझं उत्तर तयार असायचं. सत्तावन्नाव्या वर्षीही मी तोंडी गुणाकार करतो म्हणून ऑफिसात सगळे मला मास्तर म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. पण गेल्या काही महिन्यांत गोष्टी घसरायला लागल्या. एका व्हिलाच्या कामात मी एकच खोली दोनदा धरली. बँकेच्या मशीनसमोर उभा राहिलो आणि चार आकडे आठवेचनात. सुनंदा, माझी बायको, डॉक्टरकडे जाऊ म्हणून मागे लागली. मी उडवून लावत होतो. इथे नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर, आणि मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं अजून बाकी. डोक्याच्या डॉक्टरचा कागद ऑफिसात पोचला तर खलास, असं माझं म्हणणं. म्हणून मी स्वतःशीच अट घातली. सहलीत दहा गणितं करायची. दोनपर्यंत चुका माफ. जास्त झाल्या तर मुकाट्याने डॉक्टरकडे जायचं.

आमच्या सहलीची एक रीत आहे. आम्ही तिघं. अकबर रत्नागिरीकडचा, शारजात बोटींच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. रेमंड वसईचा, हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, राहतो पार डिस्कव्हरी गार्डन्सला. पंधरा वर्षं आम्ही महिन्या-दोन महिन्यांतून एक दिवस काढून कुठेतरी जातो. रस्त्यात पुढच्या गाडीची पाटी पाच आकडी असेल तर पहिल्या दोन आकड्यांना शेवटच्या दोन आकड्यांनी गुणायचं, मधल्याला सोडून द्यायचं. उत्तर मी द्यायचं, रेमंडने मागच्या सीटवर मोबाइलवर तपासायचं. चुकलं तर चहा माझ्याकडून. पंधरा वर्षांत मी चहा फारच थोड्या वेळा पाजला असेन.

शनिवारी सकाळी साडेसातला अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीखाली अकबरची गाडी उभी होती. एरवी गाडी माझी आणि चालवायला मीच. या वेळी अकबर म्हणाला, नवे टायर घातलेत, जरा पळवून बघू. मी शेजारी बसलो. सुनंदा खाली सोडायला आली होती, हे तसं नवीनच. तिने थर्मास दिला, रेमंडशी खिडकीतून काहीतरी बोलली आणि म्हणाली, सावकाश जा.

शारजाची गर्दी सुट्टीमुळे नव्हती. धैदच्या रस्त्याला लागलो तेव्हा आभाळ धुळीने भरलेलं होतं. सूर्य कुठे आहे ते दिसत होतं, पण ऊन म्हणावं असं नव्हतं. दोन्ही बाजूंना तांबूस वाळू, मधूनच एखादं गाफ (आपल्या शमीसारखं झाड), त्याच्या सावलीला उंट. पहिली पाटी आली, ९७२९४. सत्त्याण्णव गुणिले चौऱ्याण्णव. शंभराला कमी किती, तर तीन आणि सहा. सत्त्याण्णवातून सहा गेले, एक्याण्णव. तीन सख अठरा. नऊ हजार एकशे अठरा.

"बरोबर," रेमंड मागून म्हणाला.

अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. पुढे अठ्ठेचाळीस गुणिले बेचाळीस आलं. दशक सारखं आणि एकक मिळून दहा, म्हणजे चाराला त्याच्या पुढच्या पाचाने गुणायचं, वीस. आठ दुणे सोळा. दोन हजार सोळा. तेही बरोबर. धैदला टपरीवर करक (दाट, कडक चहा) आणि गरम पराठा खाल्ला तेव्हा माझी चार गणितं झाली होती आणि चारही बरोबर होती. मी अकबरला चिडवलं की आज चहा तूच पाज, नव्या टायरांचा. तो हसला, पण त्याचं लक्ष रेमंडकडे होतं.

धैदनंतर डोंगर सुरू होतात. काळपट, भाजलेले, गवताची काडी नसलेले. आपल्याकडच्या डोंगरांची सवय असलेल्या माणसाला हे डोंगर बघून आधी वाईटच वाटतं. मसाफीच्या अलीकडे रस्त्याला लागून बाजार आहे, गालिचे, मातीची भांडी, प्लास्टिकची खेळणी आणि फळं. फळवाला बंगाली होता. त्याने आंब्याची पेटी पुढे केली आणि म्हणाला, पच्चीस दिरहॅम. आता इथल्या माणसाला आकडा ऐकला की रुपये केल्याशिवाय चैन पडत नाही. दिरहॅमला तेवीस रुपयांचा भाव धरला. पंचवीसने गुणायचं म्हणजे शंभराने गुणून चारने भागायचं. तेवीसशे भागिले चार. इथपर्यंत आलो आणि थांबलो. तेवीसशे समोर दिसत होते, चार दिसत होता, पुढे काहीच नव्हतं. पद्धत आठवत होती, आकडा येत नव्हता. मी पेटीतले आंबे उलटसुलट करून बघत बसलो.

"पाचशे पंच्याहत्तर. रहने दे भाई, महाग आहे," अकबर म्हणाला आणि माझ्या खांद्याला धरून गाडीकडे निघाला.

अकबर माझ्याआधी! पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. पण मी स्वतःला समजावलं की ते काही पाटीचं गणित नव्हतं, ते धरायचं नाही. अटीतून पळवाट काढताना माझं डोकं बरं चाललं, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

दिब्बाकडे वळून आम्ही समुद्राला लागलो आणि किनाऱ्याने दक्षिणेला निघालो. पाणीही त्या दिवशी शिशासारखं होतं. तिथवर माझी दहा गणितं पूर्ण झाली. रेमंडने दहाही वेळा बरोबर म्हटलं. दहापैकी दहा! मी खिडकीची काच खाली केली आणि तोंडावर खारा वारा घेतला. मनात ठरवून टाकलं, डॉक्टर नाही, कागद नाही, सुनंदाला घरी गेल्यावर चांगलं ऐकवायचं. दोघांना एका वादीबद्दल (डोंगरातल्या कोरड्या नदीबद्दल) जुना किस्साही सांगितला. ते दोघं जरा जास्तच हसले.

बिदियाला एक जुनी मशीद आहे, माती-दगडाची, ठेंगणी, वर चार बसके घुमट. दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. अकबर आत गेला. मी आणि रेमंड मागच्या पायऱ्या चढून टेकडीवरच्या टेहळणीच्या बुरुजापाशी जाऊन बसलो. खाली खजुराच्या बागा, पलीकडे समुद्र, मागे तेच काळे डोंगर. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी समाधानात होतो, आणि समाधानात असलो की मी जुनी गणितं पुन्हा घोळवतो.

लहानपणी आम्हाला नवाचा ताळा शिकवायचे. गुणाकार बरोबर आहे का ते बघायची सोपी युक्ती. आकड्यातले अंक मिळवत जायचे, नऊ आले की टाकून द्यायचे, उरेल तो ताळा, आणि गुणलेल्या आकड्यांच्या ताळ्यांचा गुणाकार उत्तराच्या ताळ्याशी जुळायला हवा. शेवटची पाटी होती सदुसष्ट गुणिले त्रेसष्ट. मी उत्तर दिलं होतं छत्तीसशे एकवीस. त्रेसष्टातले सहा आणि तीन म्हणजे नऊ, म्हणजे काही उरत नाही. मग उत्तरातही काही उरायला नको. तीन, सहा, दोन, एक. बारा. बाराचे तीन. तीन उरतात.

पुन्हा केलं. तीनच उरले. तिसऱ्यांदा बोटांवर केलं.

रेमंड समुद्राकडे बघत होता. मी विचारलं, "सदुसष्ट गुणिले त्रेसष्ट मोबाइलवर किती आलं होतं रे?"

"मास्तर, खाली जाऊन चहा घेऊ."

"दाखव."

त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. चार हजार दोनशे एकवीस. सहाला पुढच्या साताऐवजी मी सहानेच गुणलं होतं, दुसरीतल्या मुलाने करावी तशी चूक. वर बाकीचे नऊ गुणाकार एकाखाली एक होते. मी ते ताडून बघायला गेलो आणि तिथेच खचलो, कारण मी काय उत्तरं दिली होती, तेच मला आठवत नव्हतं. दोन-तीन सोडली तर सगळा रस्ता पुसून गेला होता.

"किती चुकली?"

"चार."

"आणि तू दहाही वेळा बरोबर म्हणालास."

रेमंडने मान खाली घातली. "पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं. तुझं तोंड बघून जमलं नाही. मग दर वेळी म्हणत गेलो."

पहिली वेळ कधीची, म्हणून विचारलं. तो म्हणाला, मागच्या हिवाळ्यातली, हत्ताच्या सहलीतली. म्हणजे वर्ष झालं. ज्या सहलीबद्दल मी मंडळाच्या गेल्या अंकात फुशारकी मारली, त्या सहलीपासून. मला इतका संताप आला की मी उठून उभा राहिलो. कुणाकुणाला माहीत आहे, म्हणून ओरडलो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर माझी दहा उत्तरं होती, चारांभोवती गोल केलेले. सुनंदाने सांगितलं होतं. डॉक्टरला काय सांगायचं ते तिला कळत नव्हतं, हे सगळं लिहून आणा म्हणाली. या वेळी गाडी मास्तरांना देऊ नका, हेही तिनेच सांगितलं होतं.

"माझी कीव करायला आणलंत तुम्ही मला," मी म्हणालो.

रेमंडचे डोळे भरून आले होते. पंधरा वर्षांचा मित्र, आणि मला त्याला रडवायचंच होतं, हे कबूल करतो.

खोर फक्कानला एका मल्याळी खानावळीत सुरमईचा तुकडा आणि भात मागवला. मासा ताजा असावा. मला चव लागली नाही. बंदरात मोठ्या क्रेन धुरकट आभाळात उभ्या होत्या, किनाऱ्यावर लोकांची मुलं वाळूत खेळत होती. अकबरला काय झालं ते न सांगता कळलं.

परतताना नव्या रस्त्याने आलो. डोंगर पोखरून बोगदे काढलेत, एकामागून एक. एका बोगद्यात अकबरने त्याच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. गावी राहणारा, मच्छीचा व्यापार करणारा. बाजारात वजनं चुकायला लागला तेव्हा घरच्यांनी लोकांपासून लपवलं. भाईजानला वाईट वाटेल, म्हणून कुणी त्याच्याशीही बोललं नाही. दोन वर्षं.

"आम्ही पण बरोबर, बरोबर म्हणत राहिलो मास्तर," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "मग दवाखान्यात नेलं तेव्हा त्याने मला विचारलं, तुम्ही कुणाचे? आज नमाजात मी तुझ्यासाठी एवढंच मागितलं की तू आमच्यावर चिड, पण वेळेत चिड."

बोगदा संपला, धरणाचं हिरवं पाणी आणि त्यात पायाने चालवायच्या होड्या दिसल्या, आम्ही थांबलो नाही. पुढे गाड्या होत्या, गाड्यांना पाट्या होत्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. धैदच्या पुढे मात्र मी मागे वळून हात पुढे केला आणि रेमंडने न विचारता तो कागद माझ्या हातात दिला.

अल कुसैसला पोचलो तेव्हा मगरिबची (संध्याकाळच्या नमाजाची) अजान चालू होती. उतरताना मी रेमंडला म्हणालो, पुढच्या वेळी चूक असेल तर चूक म्हण. तो हो म्हणाला. पुढची वेळ येईल का, हे आम्हा तिघांच्याही मनात आलं असणार. लिफ्टमध्ये मी एकटाच होतो. कागद फाडून टाकला असता तर कुणी विचारलंही नसतं. रेमंडने पुन्हा लिहून दिला नसता, तो तसा आहे.

सुनंदाने दार उघडलं. तिने कशी झाली सहल म्हणून विचारलं नाही, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मी कागद तिच्या हातात दिला आणि सोफ्यावर बसलो. ती उभ्यानेच बघत होती, गोल मोजत होती. मग कडेला बसली.

"डॉक्टरची वेळ घे," मी म्हणालो.

"घेतलीय. मंगळवारची. ऑफिसचं नंतर बघू."

मी मान हलवली. मग मी तिला, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कधी न विचारलेलं, विचारलं. "तुला भीती वाटते का गं?"

"वर्षभर वाटतेय," ती म्हणाली. "रात्री तुम्ही झोपलात की वाटते."

आणि मी तर तेव्हा झोपलेला नसायचो. डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून, मीही घाबरत पडलेला असायचो.