अनारशावरची खसखस

सक्तीच्या व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलो तरी माझी सुटका काही झाली नव्हती. पुढची दोन वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी, ऑफिसच्या आधी, लघवीचा नमुना द्यायला हजर व्हायचं. दांडी मारली किंवा नमुन्यात काही सापडलं, की परत आत. मग या परक्या देशातली नोकरीही गेली आणि बिशान भागातला फ्लॅटही. त्यात मी पडलो लाजाळू. नमुना देताना मागे पहाऱ्याचा माणूस उभा राहिला की माझं सगळं बंद. चाळिशीचा, टाय लावलेला गृहस्थ मी, ग्लासावर ग्लास पाणी ढोसत बाकावर बसायचो आणि साधं एवढंही जमत नाही म्हणून स्वतःवर चरफडायचो. ऑफिसात सांगितलं होतं, पाठीची फिजिओथेरपी चालू आहे. त्यामुळे तिथे दिवसभर कमरेवर हात ठेवून चालावं लागे.

खरं फक्त बायकोला ठाऊक होतं. पुण्याला आईला ठोकून दिलं होतं, किडनीची जराशी तक्रार आहे, म्हणून तपासण्या.

त्या दिवाळीला आई आली, डबाभर अनारसे घेऊन. पहिली आंघोळ उरकून मी फराळाला बसलो, तर तिने ताटलीत अनारसा ठेवला. वर भरघोस खसखस. अफूचंच बी ते, म्हणून या देशात ती आणायलाच बंदी, पण हे आईला कोण सांगणार? खसखशीने चाचणी बिघडू शकते, हे मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार.

"नको," मी म्हटलं.

"एक खा रे. तीन दिवस तांदूळ भिजत घातले होते."

"नको म्हटलं ना!"

"एकाने काय होतंय?"

तोंडाला पाणी सुटलेलं, त्यात डोकं फिरलं. ऐन सणाला आईवर खेकसलो, "खसखस खाल्ली तर तुरुंगात जाईन मी!"

मग काय, सगळंच सांगावं लागलं. नशा, केंद्र, थापा. पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं.

आता ही कोसळणार, असं मी धरून चाललो होतो. ती उठली आणि बॅगेतून एक फाइल घेऊन आली. तिच्या रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी. अडुसष्टाव्या वर्षी मुलाला किडनी देता येते का, हे ती डॉक्टरांना एकटीच जाऊन विचारून आली होती.

"म्हणजे तुझी किडनी धड आहे?"

"हो."

"नक्की?"

"हो गं."

तेव्हा कुठे ती रडली, आनंदाने. मला इतकी लाज केंद्रातसुद्धा वाटली नव्हती.