लोणच्याच्या जागी

फॉर्मलिनचा वास आला की बरकतपुऱ्यातल्या आमच्या दारात पदर नाकाला लावून उभ्या असलेल्या सासूबाई मला दिसतात. कॉलेजात नवे कॉम्प्युटर येणार होते आणि त्यांच्यासाठी आमचं प्राणिशास्त्राचं म्युझियम रिकामं करायचं ठरलं होतं. "मॅडम, हैदराबाद में समुंदर किदर है जी? फेंक देओ," प्राचार्य म्हणाले. माझं डोकंच फिरलं. तिथे फॉर्मलिनमध्ये बुडवून टिकवलेल्या माशांच्या बरण्या होत्या आणि प्रत्येक बरणीत तो मासा कुठल्या किनाऱ्यावर, कधी सापडला याची चिठ्ठी होती. उद्या तोच मासा दुसरीकडे दिसला, तर तो तिथे नवा आलाय की आधीपासून होता, हे कशावरून सांगणार? मी समुद्री माशांच्या सगळ्या बरण्या रिक्षात घातल्या. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. "मेलेले मासे? ह्या घरात?" सासूबाई कडाडल्या. "बरण्या बाहेर, तर मीही बाहेर," म्हणत मी पायरीवरच बसले. दिवेलागण झाली तरी उठले नाही. शेवटी त्यांनी माळ्यावरच्या लोणच्याच्या बरण्या उतरवून घेतल्या. "ठेव. पण ह्यांच्या शेजारी माझं लोणचं नको." वर्षं उलटली. परवा विशाखापट्टणमहून एक संशोधक मुलगी बरण्या बघायला आली. तिकडच्या किनाऱ्यावर अलीकडेच आला असं सगळे समजतात तो मासा माझ्या बरणीत होता, तिथल्याच जुन्या चिठ्ठीसकट. "मॅडम, इतकी वर्षं हा होता कुठं?" मी माळ्याकडे बोट दाखवलं. "लोणच्याच्या जागी."