विलीभाऊंनी वाचलेल्या खोल्या

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले विली तुस्कानो कुणाच्याही घरी गेले की आधी पडद्याकडे बघतात. नीट बंद होतो का, मध्ये फट राहते का. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा अर्धा टाकून उठले, बाल्कनीच्या पडद्याचा निसटलेला हूक अडकवला आणि मग पुन्हा कप उचलला. "सॉरी हां अनुराधाताई, हात गप बसत नाय," म्हणाले.

विलीभाऊ मूळचे वसईचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दुबईत, देरातल्या एका हॉटेलात रूम बॉय म्हणून लागले, आज तिथेच हाउसकीपिंगचे सुपरवायझर आहेत. रोज सकाळी आमच्या करामा भागातून कंपनीची बस पकडतात आणि एकशे साठ खोल्या नजरेखालून घालून परत येतात. नव्या पोरांना ते एकच गोष्ट शिकवतात. गेस्ट खोटं बोलेल, खोली खोटं बोलत नाही. पाहुणे निघून गेलेल्या खोलीत दोन मिनिटं उभे राहिले की सांगतात, इथे नवराबायकोचं भांडण झालं, एक जण सोफ्यावर झोपला. एकदा एका खोलीतले सगळे टॉवेल ओले आणि जेवणाचा ट्रे न उघडलेला बघून त्यांनी रिसेप्शनला कळवलं, ह्या माणसाला डॉक्टर पाठवा. गेस्ट 'आय अॅम फाइन' म्हणत होता. ताप निघाला एकशे चार.

त्यांची एकुलती एक लेक एलिशा स्वतःच डॉक्टर झाली. मंगळुरूला एमबीबीएस केलं आणि मग अमेरिकेच्या परीक्षा दिल्या. तिला तिथे इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करायची होती, म्हणजे एखाद्या हॉस्पिटलात तीन वर्षं राबून शिकायचं. ह्याची पद्धत मोठी गमतीची आहे. आधी हॉस्पिटलं मुलाखती घेतात. मग मुलं आपल्या पसंतीच्या क्रमानं हॉस्पिटलांची यादी भरतात, हॉस्पिटलं मुलांची यादी भरतात, आणि कॉम्प्युटर जोड्या लावतो. एकदा जोडी लागली की गुमान जायचं, नंतर कुरकुर चालत नाही. मी नवऱ्याला, राजनना, म्हटलं, आपल्या वेळच्या कांदेपोह्यांत निदान नाही म्हणायची सोय होती.

एलिशाला सात ठिकाणांहून बोलावणं आलं. बोलावणं म्हणजे लॅपटॉपवरच. त्यांच्या फ्लॅटमागे जुनी इमारत पाडायचं काम चालू होतं, संध्याकाळपर्यंत ड्रिल मशीनची घरघर. आमचा वेदांग पुण्याला शिकायला गेल्यामुळे त्याची खोली रिकामी होती. तेव्हा नोव्हेंबर ते जानेवारी मुलाखत असली की एलिशा साडेचारला आमच्याकडे हजर. अमेरिकेतल्या सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. तिची आई रोझलिन दारातूनच तिला न्याहाळायची. "दोनशे दिरहमचा ब्लेझर! म्हणजे पावणेपाच हजार. आणि कॅमेऱ्यात दिसतो किती, छातीपर्यंत."

मुलाखत संपली की एलिशा तिचा तक्ता उघडायची. पंधरा रकाने. व्हिसा देतात का, शेवटच्या परीक्षेत किती जण पास होतात, पुढे हृदयाच्या नाहीतर किडनीच्या शिक्षणाला किती जणांचा नंबर लागतो. प्रत्येक रकान्याला दहापैकी मार्क. विलीभाऊ ड्युटीवरून परस्पर आमच्याकडे यायचे, खारी चहात बुडवत तिच्या खांद्यावरून बघायचे.

"ह्यात झोपेचा रकाना कुठाय, बाय?"

"वर्क अवर्स आहेत ना पप्पा. एटी अ वीक. ऑल ऑफ देम सेम."

"सगळ्यांचे सारखे?" विलीभाऊ माझ्याकडे वळले. "ताई, आमच्या हॉटेलच्या वेबसाइटवर पण सगळ्या रूम खाडीसमोरच्या, क्रीक-फेसिंगच आहेत."

"पप्पा, धिस इज नॉट अ हॉटेल."

"बेड आहेत, चादरी आहेत, चोवीस तास माणसं येतात-जातात. मग काय आहे?"

एलिशा डोळे फिरवायची आणि पुढचा रकाना भरायची. पण मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिथले शिकाऊ डॉक्टर मुलांशी स्क्रीनवर गप्पा मारायला यायचे, तेव्हा मात्र ती पप्पांना मुद्दाम खोलीत येऊ द्यायची. कॅमेऱ्याच्या मागे, वेदांगच्या पलंगाच्या कडेला उभे. बसायचे नाहीत. आवरलेल्या बेडवर ते कधीच बसत नाहीत.

फेब्रुवारीपर्यंत चुरस दोन जागांत उरली. एक होती न्यू जर्सीत. तिथून वीस मिनिटांवर विलीभाऊंची धाकटी बहीण ट्रेसी राहते. तिनं वरची खोली रिकामी करून ठेवली होती. दुसरी पार उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीजवळच्या छोट्या गावात. थंडीत उणे पंचवीस. ओळखीचं माणूस शोधायचं तर दोन विमानं बदलावी लागतील. तक्त्यात उत्तरेचं गाव थोडं वर होतं. तरी एलिशानं यादीत पहिलं नाव न्यू जर्सीचं घातलं. मी विचारलं तर म्हणाली, "आंटी, पप्पांनी आत्याच्या रूमच्या खिडकीचं माप मागवलंय. कर्टन्स शिवतायत. हाऊ कॅन आय?"

खरंच शिवत होते. हॉटेलच्या शिंप्याकडून, जाड कापडाचे, अजिबात फट न राहणारे.

रमझान लागून दोन-तीन दिवस झाले असतील. यादी पक्की करायची मुदत अमेरिकेत बुधवारी रात्री, म्हणजे आमच्याकडे गुरुवारी पहाटे सहाला संपणार होती. मंगळवारी दुपारी एलिशा आमच्याकडेच बसली होती. विलीभाऊ आले. खारी घेतली नाही, चहाही नको म्हणाले. उभेच.

"बाय, मी एक काम केलंय. ओरडायचं नाय."

"व्हॉट डिड यू डू?"

"आमच्या लाइनीत एक पद्धत आहे. एखाद्या पोराला दुसऱ्या हॉटेलात नोकरी मिळाली ना, तर ते हॉटेल कसं आहे हे आम्ही त्यांच्या एचआरला विचारत नाय. थेट तिथल्या हाउसकीपिंगला फोन लावतो. तसाच लावला."

"कुठे?"

"दोन्हीकडे. ऑपरेटरला म्हटलं, हाउसकीपिंग प्लीज. लगेच जोडून दिलं. हाउसकीपिंग मागणाऱ्याला कोण कशाला अडवेल?"

एलिशा ताडकन उठली. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. "पप्पा, यू कॉल्ड द हॉस्पिटल्स? आर यू मॅड? देअर आर रूल्स! कोणी कोणाला काय विचारायचं त्याचेसुद्धा रूल्स आहेत! माझं नाव सांगितलं?"

"तुझं नाय, माझंपण नाय. म्हटलं, दुबईहून बोलतो, मीपण हाउसकीपिंग, पोरगी डॉक्टर आहे. बाई खूश झाली. पहाटेचे सहा होते तिकडे, शिफ्ट सुटत होती, तिलापण बोलायचंच होतं. आमच्या लाइनीतल्या माणसाला कोण काय विचारतं, ताई? एक चादर कितीदा धुता, एवढं विचारलं तरी तासभर बोलेल."

"अनबिलिव्हेबल," एलिशा म्हणाली. मराठीत ओरडायला ती विसरली होती.

मी मध्ये पडले. "अगं, झालंय ते झालंय. काय म्हणाली ते तरी ऐक."

विलीभाऊंनी खिशातून कागद काढला. हॉटेलच्या पॅडचा. पण त्याकडे बघितलं नाही. "डॉक्टरांना रात्रपाळीत पाठ टेकायला खोली असते ना, तिचं विचारलं. एकीकडची बाई वैतागलेली. म्हणे, रोज चादरी बदलाव्या लागतात, कॉफीचे कप, पिझ्झाचे खोके. कुणाचा तरी बर्थडे केला त्याचा फुगा छताला अडकलाय, शिडी कोण आणणार. शिव्याच घालत होती पोरांना. दुसरीकडची एकदम शांत. म्हणे, आमचे डॉक्टर फार क्लीन. चादर आम्ही तारखेनं बदलतो, मळली म्हणून नाय. घातलेली घडी महिना महिना तशीच असते."

एलिशाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मलाही तेव्हाच कळलं.

"झोपतच नाही कोणी," ती हळूच म्हणाली.

"वेळच मिळत नसेल. मी खोटं कशाला बोलू, अठ्ठावीस वर्षं स्वच्छ खोली बघून मला बरं वाटत आलंय. ह्या वेळी नाय वाटलं."

"कुठली? ती क्लीन वाली."

विलीभाऊंनी पडद्याकडे बघितलं. "न्यू जर्सी."

खालच्या उडुपी हॉटेलात कुणीतरी भांडी आपटत होतं.

"फोन कधी केला तुम्ही?" एलिशानं विचारलं.

"शनिवारी."

"आज ट्यूसडे आहे."

"हो. तीन दिवस म्हटलं, जाऊ दे, एका चादरीवरून काय एवढं. ट्रेसी आहे, घरचं जेवण आहे. तुझी मम्मी पण निवांत झोपेल." त्यांनी कागदाची घडी घातली. "पण मग मलाच झोप लागेना."

एलिशा परत खुर्चीवर बसली. राग गेला नव्हता. "पप्पा, धिस इज नॉट डेटा. दोन बायका काय बोलल्या त्याच्यावर मी लाइफ डिसाइड करू?"

"मी कुठे म्हटलं? तू विचार. तुझ्या त्या गप्पावाल्या पोरांना विचार. पण पाहुण्यासारखं विचारू नको. तुझा प्रोग्राम कसा आहे, असं विचारलं की लॉबीच दाखवणार. काल रात्री किती वाजता आडवा झालास, ते विचार. आजारी पडलास तर तुझं काम कोण करतं, ते विचार."

तिनं तेच केलं. दोन्हीकडच्या एकेका शिकाऊ डॉक्टरनं गप्पांच्या वेळी आपणहून नंबर दिला होता, काही विचारायचं असेल तर विचार म्हणून. तिनं दोघांना विलीभाऊंचेच दोन प्रश्न पाठवले, शब्दाला शब्द. उत्तरेच्या गावातल्या मुलीचं उत्तर इफ्तारच्या आधीच आलं. बहुतेक रात्री दोन तास तरी पडायला मिळतं. आजारपणाला बदली माणूस ठरलेला असतो, पण परतफेड करावी लागते. थंडी भयंकर आहे, पहिल्या हिवाळ्यात मी रोज रडायचे. हृदयाच्या शिक्षणाला इथून फारसा कुणाचा नंबर लागत नाही, हेही सांगून ठेवते. लांबलचक, खरंखुरं उत्तर.

न्यू जर्सीच्या मुलानं एवढंच लिहिलं, 'हा हा, कसला बेड?' आणि पाच मिनिटांनी दुसरा निरोप, 'लिहून नको, फोन कर.' एलिशानं फोन केला. वेदांगच्या खोलीचं दार लावून वीस मिनिटं बोलली. बाहेर आली तेव्हा रोझलिन ऑफिसातून आली होती आणि नवऱ्याची हजेरी घेत होती.

"तुला कोणी सांगितलं रे फोन करायला? चांगलं ठरलं होतं सगळं! ट्रेसीला काय सांगायचं आता? बर्फात पोरीला कोण बघणार, अस्वल?"

"रोझी, ती डॉक्टर आहे."

"डॉक्टर तुझ्यासाठी. साधा भात करता येत नाय तिला!"

"मम्मी, प्लीज," एलिशा म्हणाली. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला, उत्तरेच्या गावाचं नाव एक घर वर सरकवलं आणि वडिलांकडे बघितलं. "पप्पा, तुम्हाला चालेल? खरं सांगा. आत्याची रूम, ते कर्टन्स, एव्हरीथिंग."

"मला विचारू नको."

"मी तुम्हालाच विचारतेय."

विलीभाऊंनी बाल्कनीचा पडदा उगाच सरळ केला. मग म्हणाले, "नाय चालत. तू ट्रेसीकडे असतीस तर मी इकडे आरामात जेवलो असतो. पण ते माझं झालं. तू तुझं बटण दाब."

तिनं दाबलं. बांग झाली. मी सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी वाढली, कारण तेवढीच तयार होती. रोझलिननं रागाच्या भरात दोनदा घेतली.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारी रात्री आठला निकाल आला. उत्तरेचंच गाव. एलिशा किंचाळली, रोझलिन रडली, राजननी खालून जिलबी आणली. विलीभाऊंनी नकाशात ते गाव शोधलं, बोटांनी मोठं करून बघितलं, आणि म्हणाले, "एकच रस्ता दिसतोय."

एलिशा जूनमध्ये निघेल. ठरवलं ते बरोबर की चूक, हे कुणालाच ठाऊक नाही. ती तिथे काम करायला लागल्यावरच कळेल. विलीभाऊ दर रविवारी चर्चमधून येताना कुणाकुणाचं अभिनंदन स्वीकारत येतात. परवा जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या मुग्धानं त्यांना थांबवलं. "अभिनंदन हं! एलिशा न्यू जर्सीला ना? म्हणजे तुमच्या बहिणीजवळच."

"नाय नाय," विलीभाऊ म्हणाले. "त्याच्या वर."

"किती वर?"

त्यांनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली, एक हात डोक्याच्याही वर नेला, थोडा आणखी वर नेला, आणि तिथेच धरून म्हणाले, "इतकं. पण रात्री झोपायला देतात."