दुधाला न लागलेला हात

किसनमामा शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. मुरुम गावाकडच्या एका सहकारी दूध केंद्रात मी तपासनीस म्हणून रुजू झाले, तेव्हा मला तो माज वाटला. मी सोलापूरच्या इंग्रजी शाळेतली. दुधातलं फॅट मोजायची पद्धत पुस्तकातून पाठ होती. पहिल्याच नळीत ॲसिडवर भसकन दूध ओतलं आणि ते काळंठिक्कर पडलं.

"बाई, दूध वतताव का फोडणी घालताव?" मामा म्हणाले. "काचंवरनं हळू सरकू द्या."

दुसऱ्या दिवशी फॅट भलतंच जास्त आलं. "वरची साय मोजली व्हय? कॅन तळापसून ढवळा आदी."

"तुम्हीच दाखवा ना," म्हणून मी पळी पुढे केली. ते दोन पावलं मागे सरले. रांगेतला एक शेतकरी खेकसला, "त्याला कॅनपसून लांबच ठिवा, बाई. गावात बोभाटा हुईल."

मामा बौद्ध होते. नऊ वर्षं त्यांनी नळ्या धुतल्या आणि त्यांत ॲसिड भरलं. बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग होते. "ॲसिड चालतंय माझ्या हातचं," ते म्हणाले, "दूध न्हाय."

सगळं काम ते नुसतं बघून शिकले होते आणि मला नुसतं सांगून शिकवत होते. महिन्याभरात माझा हात बसला.

मग आणखी एका तपासनिसाची जागा निघाली. मामांनी अर्ज केला. संचालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"सातवी पास माणसाला हे काम कसं जमायचं?" एक जण म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमचं काम चोख आहे. कुठं शिकलात?"

मामा शेजारीच उभे होते. माझं एक वाक्य पुरलं असतं. समोर सात पुरुष बसले होते.

"कॉलेजात," मी म्हणाले.

जागा अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली. मामांच्या शब्दावर पारखलेल्या दुधाचा चहा पीत त्या सात जणांनी हे ठरवलं, याचा मला संताप येतो. त्याहून जास्त चीड माझ्या भिडस्तपणाची येते. घरी त्याला सगळे सभ्यपणा म्हणतात.

भाचा आला त्या सकाळी नळ्या फिरवायच्या यंत्रात त्याच्या नळीचं बूच निसटलं. तो ओरडला, "ए किसन, बूच कसं बसवायचं रे?"

मामा नळ्या धूत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"मॅडमला इचारा," ते म्हणाले. "त्या कालिजात शिकल्यात."