आईचे मंगळवार

नल्लकुंटा वस्तीतल्या आमच्या घरात आई मंगळवार धरायला लागली, तेव्हा मी विचारलं, "हे कधीपासून?"

"नवस आहे," ती म्हणाली.

आमच्याकडे नवस विचारायचा नसतो. सांगितला की फळत नाही म्हणतात. शिवाय मी पंचेचाळिशीचा, बिनलग्नाचा. माझ्यासाठीच असणार, असं धरून मी थोडा चिडलोही.

पुढे मंगळवारला गुरुवार येऊन मिळाला, मग कुठलाही वार. दिवसभर नुसतं ताक. पोटाशी उशी धरून बसायची.

"पित्त होतंय तुला. सोड आता."

"तू तुझं पुस्तक वाच रे."

मी वाचायचो. मध्येच एका मंगळवारी तिनं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. "आज बरं वाटतंय," म्हणाली. मला बरंच वाटलं.

मग एका सकाळी हिरवी उलटी झाली, पोट फुगून घट्ट झालं. दवाखान्यात सर्जनबाईंनी विचारलं, "अम्मा कब से नहीं खा रहे?"

"उपवास करती हैं," मी म्हणालो. त्यांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

ऑपरेशननंतर त्यांनी सांगितलं, चरबीची गाठ होती, आतड्यात क्वचितच होते. तिच्यामुळे आतडं आतड्यातच शिरलं, वाट बंद झाली, तेवढा भाग काळा पडला. चौथ्या दिवशी आई गेली. तपासणीचा कागद नंतर आला: गाठ साधी, कॅन्सर नाही. भेटायला येणारे विचारतात, कशानं गेल्या? मी तेच सांगतो. "साधी होती ना, मग?" म्हणतात. कागद अजून टेबलावर आहे.

तेराव्याला माझी थोरली बहीण अक्का म्हणाली, "नवस राहिला असेल तर आपण फेडायला हवा. कुठल्या देवाला बोलली होती?"

"माहीत नाही."

"किती मंगळवार?"

"माहीत नाही."

"एका घरात राहून तुला माहीत काय होतं रे?"

देवघरात मागच्या बाजूला लाल फडक्यात बांधलेला नारळ सापडला. कधीचा, कळेना. हलवला तर आत पाणी नव्हतं. "हा बघ, नवसाचाच," अक्का म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला. मी मान हलवली. नवसच असावा, असं मलाही वाटत होतं, वाटायला हवं होतं.

त्या मंगळवारच्या पुरणपोळ्यांचं मी अक्काला सांगितलं नाही.