काँगोच्या ढगात मराठी बाई

मंडळी, तुमचे अनुभव मी रोज वाचते. सुनेनं मोबाइलवर हे पान लावून दिलंय, दुपारी चष्मा लावून बसते. खरं सांगते, वाचून हसू येतं. पिंपळावरचं कोणी, विहिरीतलं कोणी... माझं म्हणणं एकच असायचं — ज्याला पहाटे उठून गोठा साफ करायचा असतो त्याला भूत बघायला सवड नसते. घरात कोणी आजारी पडलं अन् बायका अंगारा आणायला निघाल्या, की मी आधी रिक्षा बोलवायचे, दवाखान्यात चला म्हणायचे. अशी मी बाई. आता हे लिहून राहिले तर घरचेच हसतील. हसू द्या, साक्षीदार तेच आहेत.

आम्ही कुरुंद्याचे, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. घरात मी, माझ्या थोरल्या जाऊबाई — त्यांना सगळेच अक्का म्हणतो — माझा मुलगा विलास आणि सून सीमा. अक्का अंगणात बोलल्या की बसस्टँडवरचा माणूस वळून बघतो. एवढा आवाज. लग्न होऊन आल्यापासून सासूबाई त्यांना सांगायच्या, बाई हळू बोल. मग नवरा सांगायचा. मग मी.

विलास हवाई दलात होता, हेलिकॉप्टरच्या इंजिनावर. त्याची तुकडी आफ्रिकेत काँगोला गेली होती, शांतिसेनेत. सुट्टीवर आला की तेच सांगायचा, त्यामुळं त्या तुकडीचा इतिहास मला पाठ आहे. हेलिकॉप्टरं सुटी केली, मोठ्या विमानाच्या पोटात घातली, तिकडं नेऊन परत जोडली. पांढरा रंग दिला — भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना लांबून कळावं, हे कोणाकडचे न्हाईत. तळ एका तळ्याच्या काठाला, तळं पण समुद्रासारखं, अन् मागं धूर सोडणारा डोंगर. जंगलात रस्ते नव्हतेच. मग रेशन न्या, जखमी जवान आणा, मतपेट्या न्या, अडलेली बाळंतीण आणा... एकदा शेळ्या पण नेल्या म्हणे. माणसं बदलत गेली, तुकडी तिथंच राहिली. मग काम संपलं, झेंडा उतरवला, सगळं आवरून मायदेशी. विलास रिटायर होऊन आता हळदीचं शेत बघतो.

मागच्या वर्षी त्याला फोन आला. कुरियन साहेब — तिकडं त्याच्या हेलिकॉप्टरचे पायलट, केरळचे. तेही रिटायर झालेले. त्या तुकडीचा इतिहास लिहायला घेतलाय, जुन्या माणसांना एकेकाला विचारून राहिलोय, म्हणाले. बोलता बोलता जरा थांबले. "विलास, एक विचारायचंय. हसायचं नाही." आणि त्यांनी एक वाक्य म्हणून दाखवलं. अर्थ माहीत नाही, भाषा माहीत नाही, कानाला जसं लागलं तसं इतकी वर्षं पाठ करून ठेवलेलं. तिथल्या लोकांना विचारलं, फ्रेंच येणाऱ्यांना विचारलं, कोणालाच उमगेना.

वाक्य होतं — "खालून वर घे गं, बुडाला लागून राहिलं!"

विलासनं हातातलं खुरपं हळदीच्या सरीत टाकलं. "सर, ही आमची भाषा. अन् हे आमच्या चुलीपुढचं बोलणं आहे. ही नक्की माझी आई."

साहेब पंधरवड्यात आमच्या दारात हजर. उंच माणूस, मिशा पांढऱ्या, हातात केळ्याच्या वेफर्सचा पुडा. हिंदी बोलायचे, तेही केरळी वळणाचं; मी आपल्या भाषेत सांगते.

म्हणाले, "आई, त्या दिवशी जंगलातल्या ठाण्यावरून दोन जखमी जवान अन् एक अडलेली बाई घेऊन निघालो. विलास माझ्या मागं बसलेला. ढग असा खाली आला की काचेपुढं नुसता कापूस. खाली नदी दिसेल म्हणून मी उतरवत होतो. नकाशाप्रमाणं तिथं टेकडी नव्हती. तेवढ्यात कानातल्या यंत्रात बाई ओरडली. अर्थ कळला नाही. पण तशा आवाजात बाई ओरडली की माणूस आधी हात वर घेतो, मग विचारतो काय झालं. मी मशीन वर ओढलं, अन् नकाशात नसलेली टेकडी पोटाखालून गेली."

विलास म्हणाला, "आमाला तर काहीच ऐकू आलं न्हाई. उतरल्यावर बघतो तर चाकात फांदीचा पाला, अन् पोटाखाली हिरवा रस. मी म्हणलं, ठाण्यावर झुडपात टेकलो असू. पुसून टाकला."

"वाक्याचा अर्थ विचारला, पण कुठं ऐकलं ते मी कोणाला बोललो नाही," साहेब म्हणाले. "कानात बाया बोलतात म्हणलं असतं तर उडणं बंद झालं असतं माझं. रिटायर झाल्यावर मित्रांना सांगितलं, तर ते अजून चिडवतात. आता इतिहास लिहितोय. ते उड्डाण त्यात आहेच, पण खरं लिहू की ढग आपोआप फाटला म्हणून लिहू? तो आवाज या जगात कोणाचा आहे, एवढं मला कळू द्या. मग मी बेधडक लिहीन."

आता मी काय सांगू... मी आठ दिवस तयारीत होते. गल्लीभर सांगून झालं होतं, माझ्या हाकेनं लेकरू वाचलं. सकाळी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या होत्या, इरकल नेसले होते. उभी राहिले, पदर खोचला, अन् म्हणाले ते वाक्य. झकास म्हणलं मी.

साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. "आई, अजून एकदा?" अजून एकदा. मान हलवली त्यांनी. इतके अवघडले बिचारे. "वाक्य तेच आहे. आवाज... हा नाही."

विलास खाली बघायला लागला. माझा चेहरा पडला अन् साहेबांचा त्याहून पडला. वेफर्सचा पुडा उगाच सरळ करत बसले. एवढ्या लांब आला माणूस, अन् रिकाम्या कानांनी परत जाणार.

आत सीमा त्यांच्यासाठी बासुंदी आटवत होती. अक्का तिच्या डोक्यावर उभ्या. आणि आतून आलं — "अगं ए पोरी, कुठं ध्यान हाय तुजं? खालून वर घे गं, बुडाला लागून राहिलं!"

साहेब ताडकन उभे राहिले. दोन्ही हात असे वर घेतले, मशीन ओढावं तसे. डोळ्यांत पाणी अन् तोंडभर हसू.

अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काहून बघून राहिले हे साहेब असे? बासुंदी करपली तर माजं नाव नका घेऊ."

साहेब वाकून पाया पडले. विलासनं सांगितलं, तो आवाज तुमचाच निघाला. अक्का बाजेवर बसल्या. "जलमभर सगळे म्हणले हळू बोल, हळू बोल..." मग माझ्याकडं बघून, "अन् तू गं? मोठी गुळण्या करत होतीस." मला राग यायला पाहिजे होता. हसून हसून पोट दुखलं.

इथंवर ठीक होतं, मंडळी. साहेब बासुंदी खाताना म्हणाले, "तो दिवस मला पक्का आठवतो. विलासनं नाश्ता केला नव्हता, केळी खिशात घालून चढला. काहीतरी उपवास होता."

विलासचा चमचा थांबला. "सर... शिवरात्र व्हती ती."

आम्ही सगळे अक्कांकडं बघायला लागलो. अक्का वर्षातून एकच दिवस मौन धरतात. महाशिवरात्रीला. औंढ्याच्या दर्शनाला जाऊन आलं की सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत एक शब्द नाही. त्या दिवशी गल्लीतली माणसं येऊन विचारतात, घरी कोणी न्हाई का?

"मंग मी न्हाई ती," अक्का म्हणाल्या. "मी तर तोंड उघडलंच नसंल."

साहेबांनी वाटी खाली ठेवली. आणि तेव्हा मला आठवलं. विलास तिकडं असतानाची ती शिवरात्र. मी चुलीवर भगर ठेवली होती अन् शेजारणीशी दारात बोलत बसले. अक्का स्वयंपाकघरातून हातवारे करून राहिल्या होत्या, डोळे मोठे केलेले, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, पण व्रत मोडेना. मला वाटलं, माशी हाकलून राहिल्या. भगर कोळसा झाली. सगळं घर उपाशी झोपलं. दुसऱ्या सकाळी मौन सुटल्यावर पहिलं वाक्य मला ऐकवलं ते अजून सांगण्यासारखं नाही.

"सुमन," अक्का माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा हळू. "ते वाक्य माझ्या गळ्यात अडकून बसलं व्हतं त्या दिवशी."

 मग साहेब म्हणाले, "आता हे कसं लिहू?"

"तुमी ऐकलं का न्हाई?" अक्कांनी विचारलं.

"ऐकलं."

"मंग ऐकलं तसं लिवा. अन् नुसती मराठी बाई लिवू नका, कुरुंद्याची लिवा."

साहेबांनी तसंच लिहिलंय. छापून आलं, पोस्टानं आलं, विलासनं वाचून दाखवलं. ती अडलेली बाई त्याच दिवशी तळावर मोकळी झाली, मुलगी झाली, हेही त्यात आहे.

विलास मला रेडिओच्या लहरींचं काहीबाही समजावतो. सांगता सांगता त्याचं त्यालाच पटत नाही. न बोललेला शब्द समुद्रापार कसा गेला, अन् माझ्या चुलीसाठीचा तो त्या पायलटच्या कानात कसा पडला, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर लिहा.

यंदाच्या शिवरात्रीला भगर मीच टाकली. करपल्याचा वास यायला लागला तसं मागं बघितलं. अक्का दारात उभ्या, तोंड घट्ट मिटलेलं, गळ्याच्या शिरा ताठलेल्या. मी उलथनं बाजूला ठेवून दिलं अन् हात बांधून उभी राहिले. आपली तुकडी घरी आली, खरं आहे. पण कोणाचं ना कोणाचं लेकरू या घटकेला ढगात असेलच की.